समुद्रापासून दीडशे किलोमीटरवर बोट निवडताना

कोथरूडमधल्या एका निवृत्त अभियंत्यांनी मला त्यांच्या लॅपटॉपवरचा तक्ता दाखवला. आडवे तेवीस रकाने, उभ्या एकोणीस बोटी. किती केबिन, किती पलंग, ओट्याला शेगड्या किती, शौचालयं एक की दोन, फ्रिज किती लिटरचा, डिझेलची टाकी केवढी. फ्लॅट बघताना करतात तशीच सगळी चिकित्सा, पुणेरी आणि प्रामाणिक. वाचून झाल्यावर मी विचारलं, "काका, ही बोट उभी कुठे राहणार?" ते म्हणाले, "ते बघू की नंतर. आधी बोट तर ठरू दे."

हे प्रकरण त्या उत्तराबद्दल आहे. पुण्यात बसून बोटींची तुलना करायला काहीच हरकत नाही. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर असलं, तरी इथे पाण्याचा नाद जुना आहे. संगमावरचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा, आणि खडकवासल्याच्या जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडं हाताळायला शिकतात ते आजही. पण जलाशयातली चौदा फुटी डिंगी आणि समुद्रात राहण्या-झोपण्याची बोट यांत सायकल आणि एसटी एवढं अंतर आहे. दुसरीची निवड पलंगांपासून सुरू केली की चुकते. ती पाण्यापासून सुरू करावी लागते.

या विषयातली सगळ्यात बोलकी तुलना समुद्रानेच केली आहे, आणि तिची सुरुवात आपल्या मुंबईत झाली. १९६०च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण ब्रिटिश दर्यावर्दी अधिकारी व्यापारी जहाजांवर नोकरीला होता आणि मुंबईत त्याचा मुक्काम असे. त्याने आणि मित्रांनी एका बोटीचे आराखडे पोस्टाने मागवले. आले ते भलत्याच बोटीचे. विल्यम अ‍ॅटकिन यांनी १९२०च्या दशकात काढलेलं 'एरिक' नावाचं ते जुन्या वळणाचं डिझाइन होतं. बत्तीस फुटी, दोन्ही टोकांना निमुळती, पोटाने रुंद आणि चालीने संथ. त्याचं मूळ नॉर्वेतल्या बचावनौकांत होतं. परत पाठवून दुसरे मागवायला वेळ नव्हता, म्हणून तेच बांधायला घेतले. लाकूड ब्रह्मदेशी सागवान, आणि हत्यारं म्हणजे मुख्यतः वाकस आणि हाताने फिरवायचा सामता. मुंबईच्या सुतारांनी घडवलेल्या त्या बोटीचं नाव 'सुहेली'. आखाती खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या एका वाऱ्याला हे नाव देतात.

१९६८ मध्ये एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पहिली शर्यत लागली. नऊ जण निघाले. बोटींचा ताफा बघा: बर्नार्ड मॉइतेसिएची पोलादी 'जोशुआ' खास लांब पल्ल्यासाठी बांधलेली. बिल किंग यांची 'गॅलवे ब्लेझर' याच कामासाठी बेतलेली, हलकी, चिनी पद्धतीच्या शिडांची. नायजेल टेटली आणि डोनाल्ड क्रोहर्स्ट यांच्या तीन तराफ्यांच्या वेगवान ट्रायमरान. जॉन रिजवे आणि चे ब्लाइथ यांच्या बोटी कुटुंबाला सुट्टीत फिरवण्यासाठी केलेल्या, तळाला दोन कण्यांच्या. कागदावर तक्ता केला असता, तर सुहेली तळाशी गेली असती.

किंग यांच्या डोलकाठ्या मोडल्या. रिजवे ब्राझीलला थांबले, ब्लाइथ दक्षिण आफ्रिकेला. टेटलींची ट्रायमरान अटलांटिकमध्ये खिळखिळी होऊन बुडाली. क्रोहर्स्ट यांची शोकांतिका स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे. मॉइतेसिए कदाचित जिंकले असते, पण त्यांनी युरोपला परतण्याऐवजी ताहितीची वाट धरली. उरली सुहेली. १४ जून १९६८ ला फॅलमथहून निघाली, २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतली. ३१२ दिवस, तीस हजारांहून जास्त सागरी मैल, सरासरी वेग ताशी जेमतेम चार सागरी मैल. लकडी पुलावर संध्याकाळी सहा वाजता गाड्या साधारण याच वेगाने सरकतात.

सुहेली चांगली होती म्हणून टिकली, एवढंच म्हणून इथे थांबता येत नाही. ती गळत होती. अटलांटिकमध्ये असतानाच तळाच्या कण्याजवळचा सांधा उघडला. नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरला, बुडी मारून मारून सांध्यात सूत ठासलं, वर कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकली, मग त्यावर तांब्याचा पत्रा. मध्ये शार्क आला तेव्हा वर चढून बंदूक काढावी लागली. पुढे दक्षिण महासागरात बोट आडवी झाली, केबिन तिच्या पायावरून सरकली, पिण्याचं पाणी खराब झालं, आपोआप दिशा धरणारं यंत्र निकामी झालं, रेडिओ गेला. ती गळत, मोडत, दुरुस्त होत घरी पोचली. एका माणसाला, हाताशी असलेल्या साध्या हत्यारांनी, भर समुद्रात दुरुस्त करता येईल अशी ती होती. माझ्या मते तुलनेचा पहिला रकाना हाच: हे मोडलं तर मी दुरुस्त करू शकतो का, आणि मी नाही तर जवळच्या खाडीत कोण?

आता आकडे. पुणेकर वाचकाला आकड्यांशिवाय चैन पडणार नाही, आणि यातले तीन-चार खरंच कामाचे आहेत.

जाहिरातीत 'छत्तीस फुटी' असं लिहितात ती डेकची लांबी, कधीकधी नाळेपुढे आलेला दांडाही त्यात मोजलेला. चालीसाठी महत्त्वाची असते पाण्यावर टेकलेली लांबी, जलरेषा. बोट चालताना स्वतःची लाट उठवते आणि स्वतःच तिच्या खळग्यात अडकते. खळगा जितका लांब, तितका वेग जास्त. जलरेषेच्या फुटांचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, आला जड बोटीचा कमाल वेग, ताशी सागरी मैलांत. पंचवीस फुटांना ६.७, छत्तीस फुटांना ८.

दुसरा आकडा वजन आणि लांबी यांच्या नात्याचा. बोटीचं वजन ब्रिटिश टनांत घ्यायचं, जलरेषेचे फूट भागिले शंभर करून त्याचा घन काढायचा आणि त्याने वजनाला भागायचं. तीनशेच्या वर आलं तर बोट भारदस्त, दोनशेच्या खाली तर हलकी. प्रत्यक्षात याचा अर्थ काय, ते रिकाम्या एसटीत मागच्या बाकावर बसलेल्याला सांगावं लागत नाही. तीच गाडी माणसं, भाजीच्या पाट्या आणि टपावरच्या बोचक्यांनी भरली की खड्डे पोटात घेत डुलत जाते. हलकी बोट पळते पण आपटते. जड बोट रेंगाळते पण आतल्या माणसाला चहा करू देते.

तिसरा आकडा उलटण्याचा. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या समुद्रात वादळ झालं. ३०३ बोटींपैकी ८६ पूर्ण करू शकल्या, पंधरा स्पर्धक गेले. त्यानंतरच्या चौकशीतून आणि अभ्यासातून एक सोपं सूत्र रूढ झालं: बोटीचं पौंडांतलं वजन चौसष्टने भागा, त्याचं घनमूळ काढा, आणि त्याने बोटीच्या फुटांतल्या रुंदीला भागा. उत्तर दोनच्या आत असलं तर खुल्या समुद्राला ठीक. दोनच्या वर म्हणजे बोट रुंद आणि हलकी. ती एरवी ताठ उभी राहते, पण एकदा उलटली की उलटीच राहायला बघते.

उदाहरणाला रस्लर ३६ ही इंग्लंडमधली जुन्या धाटणीची बोट घेऊ. जलरेषा सुमारे सत्तावीस फूट, रुंदी अकरा, वजन सुमारे १६,८०० पौंड. वजन-लांबीचा आकडा येतो ३८४ च्या आसपास, उलटण्याचा १.७, कमाल वेग सात. तिच्याशेजारी एक कल्पित आधुनिक छत्तीस फुटी ठेवू: जलरेषा बत्तीस, रुंदी साडेबारा, वजन १३,००० पौंड. आकडे १७७, २.१ आणि साडेसात. दुसरीत दोन शौचालयं मावतात, पहिलीत दोघांना एकमेकांना ओलांडून जायचं तर एकाने पलंगावर बसावं लागतं. काकांच्या तक्त्यात अर्थातच दुसरीसारख्या बोटी वर होत्या.

मात्र या सूत्राला वजन कुठे आहे ते कळत नाही. तळातलं शिसं काढून डोलकाठीच्या टोकाला बांधलं तरी उत्तर तेच येईल. म्हणून ते नापास करण्यापुरतं वापरावं, पहिला नंबर द्यायला नाही.

याच आकड्यांची दुसरी परीक्षा आपल्याकडच्या माणसांनी दिली. फलटणजवळच्या विंचुर्णीत तेव्हा राहणारे निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीयाने एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी असा ध्यास घेतला. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. त्यांच्यासाठी 'म्हादेई' गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डने बांधली. डच 'टोंगा ५६' डिझाइन, आत लाकूड आणि त्यावर फायबरग्लास, छप्पन्न फूट. दोंदे ऑगस्ट २००९ ते मे २०१० मध्ये चार थांबे घेत फिरून आले. बोट बांधली जात असताना ते यार्डात होते, कुठला नळ कुठल्या फळीमागून जातो हे त्यांना माहीत होतं. ही गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात मिळत नाही. त्याच बोटीतून नौदलातलेच अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये न थांबता फिरले.

मग २०१८ ची गोल्डन ग्लोब शर्यत आली, १९६८ च्या शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवाची. नियमच जुने: बत्तीस ते छत्तीस फूट, १९८८ पूर्वीचं डिझाइन, लांब कणा, सुकाणू त्याच्याच शेपटीला. टॉमींसाठी गोव्यात सुहेलीची प्रतिकृती बांधली, 'थुरिया'. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात ती उलटीपालटी झाली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. फ्रेंच गस्तनौकेने त्यांना २४ सप्टेंबरला उचललं. त्याच वादळात ग्रेगर मॅकगकिन यांच्या छत्तीस फुटी बोटीच्याही डोलकाठ्या गेल्या, त्यामुळे दोष थुरियाचा असं म्हणणं घाईचं ठरेल. ती शर्यत जिंकली जाँ-लुक व्हॅन डेन हीड यांनी, रस्लर ३६ मधून.

२०२२ च्या शर्यतीला टॉमी पुन्हा उतरले, या वेळी 'बायानात' नावाच्या रस्लर ३६ मध्ये. चार फूट लांबी वाढली, वळण तेच जड, लांब कण्याचं. २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ ला ते दुसरे आले. पहिली आलेली कर्स्टन नॉयशेफर केप जॉर्ज ३६ मध्ये होती, तीही त्याच जातीची. वाटेत टॉमींचं दिशा धरणारं यंत्र पुन्हापुन्हा मोडलं आणि त्याच्या दुरुस्तीत बोटीच्या शौचालयाचं दार कामी आलं. 'एक की दोन' हा रकाना मी त्या दिवसापासून वेगळ्या नजरेने बघतो. दोन असती तर सुटे भाग जास्त!

पण आपल्याला काही केप हॉर्नला जायचं नाही. आपल्याला बहुधा मांडव्याहून मुरुडला, दाभोळला, जयगडला, कधीतरी गोव्याला जायचं आहे. म्हणून रस्लर घ्यावी असं मी म्हणणार नाही. या किनाऱ्याच्या स्वतःच्या अटी आहेत, आणि त्या परदेशी पुस्तकांत नसतात.

पहिली अट खोली. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो, आणि कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा बांध असतो. सात फूट खोल कण्याची बोट आत शिरायला भरतीची वाट बघेल आणि बाहेर पडायलाही. भांगाच्या दिवसांत तर गणित आणखी आवळतं. आंग्र्यांच्या गलबतांची ताकद यातच होती: उथळ तळामुळे ती खाडीत शिरत आणि मागे लागलेली कंपनीची जहाजं बाहेर उभी राहून बघत. साडेपाच फुटांपर्यंतचा कणा मी इथे मर्यादा मानतो. वर ओढून घेता येणारा कणा मिळाला तर उत्तमच, पण त्याची खाच चिखलाने आणि कालवांनी भरते, ती साफ करायची तयारी हवी.

दुसरी अट जाळी. रात्री अलिबाग ते हर्णै हा पट्टा पार केलेल्याला विचारा. कोळ्यांच्या जाळ्यांचे बोये अंधारात दिसत नाहीत. लांब, सलग कणा आणि त्याच्या आडोशाला पंखा असलेली बोट दोरावरून घसरून जाते. सुटं खोल सुकाणू आणि उघडा पंखा असलेली आधुनिक बोट त्यात गळाला लागल्यासारखी थांबते. आणि जाळं फाटलं तर ते कुणाच्या तरी आठवड्याच्या पोटाचं असतं, याचाही हिशेब धरायचा.

तिसरी अट वारा. हिवाळा-उन्हाळ्यात दुपारचा खारा वारा वायव्येकडून येतो, पहाटे जमिनीवरचा मतलई. मुंबईहून गोवा, सुमारे सव्वादोनशे सागरी मैल, पाठीवर वारा घेऊन आनंदात होतो. ताशी साडेचारने पन्नास तास, साडेपाचने एकेचाळीस. प्रश्न परतीचा आहे. तेव्हा तोंडावर वारा असतो, आणि लांब कण्याच्या जड बोटी वाऱ्याच्या तोंडावर चढायला आळशी. इथे आधुनिक बोट सरस ठरते. जुनी घ्यायची तर मतलईची वाट बघून पहाटे चारला नांगर उचलण्याची सवय लावा, किंवा इंजिन चांगलं घ्या.

चौथी ऊन. उत्तर युरोपातल्या बोटी ऊब कोंडण्यासाठी बांधलेल्या असतात, झरोके लहान, आतून गडद लाकूड. एप्रिलमध्ये तिच्या केबिनमध्ये दुपारी दहा मिनिटं बसून बघा आणि मगच पैसे द्या.

दोन तराफ्यांची कॅटमरान अनेकांना मोहात पाडते. तिचा तळ उथळ, डेक दिवाणखान्यासारखा, कललेली कधी दिसत नाही. उथळ खाड्यांना ती खरंच सोयीची आहे. पण सामानाने जड केली की तिचा सगळा गुण जातो, आणि आपली माणसं चार दिवसांना निघताना काय काय बरोबर घेतात ते आपल्याला माहीत आहे.

नवी बोट परवडणं अवघड, म्हणून बहुतेकांची गाठ जुनीशी पडते. त्यात कमीपणा नाही. १९८५ च्या सप्टेंबरात मुंबईहून निघून १९८७ च्या जानेवारीत परतलेली, पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली भारतीय बोट 'तृष्णा' ही इंग्लंडमध्ये घेतलेली जुनी सदतीस फुटी होती. ज्यांची प्रशिक्षणसंस्था आपल्या दापोडीला आहे त्या सेनेच्या इंजिनिअर्स कोअरची ती मोहीम होती. तृष्णाचा सांगाडा उत्तम घराण्यातला होता, आणि जुन्या बोटीत सांगाडा सोडून बाकी सगळं बदलता येतं.

मी स्वतः एकदा रेवदंड्याकडे एक तीस फुटी बघायला गेलो होतो. रंग ताजा, गाद्या नव्या, मालकाने शहाळं दिलं. मी खिशातून स्टीलचा चमचा काढला आणि त्याच्या मागच्या टोकाने डेकवर वीतवीत अंतरावर टकटक करत गेलो. टक, टक, टक, आणि डोलकाठीच्या बुंध्यापाशी आवाज एकदम बदलला, धप्प. पाऊल टाकलं तर भिजवलेल्या पोह्यांच्या पिशवीवर पडल्यासारखं. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये हलकं लाकूड असतं. एका सैल बोल्टातून वर्षानुवर्षं पाणी झिरपून त्याचा भुगा झाला होता. मग मी खाली जाऊन कपाट उघडलं आणि डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना अडकवतात त्या पाहिल्या. डेकमधून आरपार जाते तिथे पट्टीवर तपकिरी रेघ. स्टेनलेस स्टीलला हवा मिळाली तर ते टिकतं. ओल्या फटीत कोंडलं की आतून कुरतडलं जातं आणि बाहेरून चकचकीत दिसतं. पट्टी तुटली की डोलकाठी जाते. शहाळं चांगलं होतं.

तारा साधारण दहा-पंधरा वर्षांत बदलायच्या असतात. शेवटच्या कधी बदलल्या, याची पावती मागा. पावती नसेल तर खर्च किमतीतून वजा. शिडं, इंजिन, कण्याचे बोल्ट यांचंही तसंच. वर्षाकाठी बोटीच्या किमतीच्या दहा टक्के देखभालीला लागतात, असा जगभरच्या बोटवाल्यांचा ठोकताळा आहे. आपल्याकडे त्यात पावसाळ्यात बोट बाहेर काढण्याचा खर्च मिळवावा लागतो. जून ते सप्टेंबर गेटवेसमोरच्या उघड्या पाण्यात बोट ठेवणं म्हणजे ती समुद्राला दान करणं. म्हणून घेण्यापूर्वी ट्रॉली, क्रेन किंवा उतरती धक्कापट्टी कुठल्या वजनापर्यंत चालते ते विचारा. नऊ टनांची बोट आणि पाच टनांची क्रेन अशी लग्नं मी पाहिली आहेत. परदेशातली जुनी बोट स्वस्त दिसते, त्यात सीमाशुल्क आणि कागदपत्रं धरून पुन्हा बेरीज करा.

काकांना मी हे सगळं तीन-चार बैठकांत सांगितलं. त्यांनी तक्त्यातले चौदा रकाने उडवले आणि पहिला नवा रकाना घातला: 'ओहोटीला पाणी किती?' एकोणीस बोटींतल्या पाच उरल्या. सध्या ते शनिवारी पहाटे निघून मांडव्याला एका ओळखीच्यांच्या बोटीवर बिनपगारी खलाशी म्हणून जातात. परवा रविवार पेठेतून फोन आला, बोहरी आळीतला दुकानदार म्हणतो ३०४ आणि ३१६ दोन्ही स्टेनलेसच, मग फरक काय? मी म्हटलं, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्यात तेच घ्या, चुंबकाने ते ओळखू येत नाही, शिक्का बघा. बोट अजून घेतलेली नाही. ३१६ चे आठ शॅकल मात्र घेऊन ठेवलेत.